सहा घरांनी मिळून घेतलेले व्हिंटेज पोर्ट: दीड वर्षानंतरचा अनुभव

इंग्लंडमधील रेडिंग आणि स्लाऊ या परिसरात राहणाऱ्या आम्हा सहा मराठी कुटुंबांनी 2016 सालच्या व्हिंटेज पोर्टच्या, म्हणजे एका गोड पोर्तुगीज वाइनच्या, सहा केस (पेट्या) मिळून विकत घेतल्या, त्याला आता दीड वर्ष होत आले. प्रत्येक केस सहा बाटल्यांची आणि वेगळ्या शिपरची, म्हणजे पोर्ट तयार करून विकणाऱ्या कंपनीची, होती: टेलर, फॉन्सेका, ग्रॅहम, डाउ, वॉर आणि किंता दो नोव्हाल. वाटणी झाल्यावर प्रत्येक घराच्या नावावर सहाही शिपरची एकेक बाटली असलेली एक मिश्र केस झाली. असा व्यवहार करावा का, केल्यास कसा करावा, असे इथले परिचित वारंवार विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

गोव्यात ‘पोर्ट वाइन’ या नावाने जी स्वस्त, गोड वाइन मिळते, तिच्याशी या पोर्टचा नावापलीकडे फारसा संबंध नाही. खरे पोर्ट उत्तर पोर्तुगालमधील डोरो नदीच्या खोऱ्यात होते. त्या प्रदेशाची सीमा 1756 सालीच आखून दिली गेली. द्राक्षरस आंबत असताना, त्यात साखर शिल्लक असतानाच, सुमारे 77 टक्के तीव्रतेचे द्राक्षाचे मद्यार्क घालून आंबणे थांबवतात, त्यामुळे गोडी टिकते आणि मद्यार्काचे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास जाते. व्हिंटेज पोर्ट केवळ निवडक वर्षांचे असते. दशकात साधारण तीनदाच बहुतेक शिपर वर्ष ‘डिक्लेअर’ करतात, म्हणजे ते व्हिंटेजच्या योग्यतेचे असल्याचे जाहीर करतात. सुगीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते न गाळता बाटलीत भरले जाते आणि पुढची वीस, तीस, कधी पन्नास वर्षे बाटलीतच मुरते.

2016 निवडण्यामागे आमच्यापैकी दोन घरांत त्या वर्षी जन्मलेली मुले हे एक कारण होते. मुलाच्या जन्मवर्षाचे पोर्ट घेऊन ते सज्ञान होईपर्यंत ठेवण्याची इंग्लंडमध्ये जुनी प्रथा आहे, आणि ही मुले 2037 मध्ये एकवीस वर्षांची होतील तेव्हा हे पोर्ट नुकते पिण्याजोगे होऊ लागलेले असेल. दुसरे कारण वाइनच्या गुणवत्तेचे. त्या वर्षी डोरोत पावसाळी वसंतानंतर कडक, कोरडा उन्हाळा आला आणि सप्टेंबरच्या मध्यावर थोडा पाऊस पडला. ज्यांनी त्या पावसापर्यंत धीर धरून तोडणी केली, त्यांची वाइन विशेष तोलाची झाली.

एकाच शिपरची पूर्ण केस घेणे अधिक सोपे होते, हे मान्य आहे. परंतु ज्याला पोर्ट समजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी मिश्र केसला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. त्याची प्रचीती आम्हाला याच काळात आली, कारण तरुण पोर्ट ठेवून देताना, मधल्या काळात पिण्यासाठी म्हणून आम्ही विशीच्या आसपासच्या सिंगल किंता, म्हणजे एकाच मळ्याच्या, पोर्टच्या काही बाटल्याही घेतल्या होत्या. संपूर्ण डिक्लेरेशन नसलेल्या वर्षी शिपर आपल्या मुख्य मळ्याचे पोर्ट वेगळे भरतात. ते लवकर तयार होते आणि स्वस्तही पडते. ग्रॅहमचे मल्वेदोस आणि डाउचे बोंफिं शेजारी-शेजारी ठेवून प्यायल्यावर फरक सर्वांना स्पष्ट कळला. दोन्ही शिपर एकाच सिमिंग्टन कुटुंबाच्या मालकीचे आहेत, तरीही मल्वेदोस गोल, भरदार आणि मधुर, तर बोंफिंचा शेवट जिभेवर चक्क कोरडा. हा फरक कोणत्याही वर्णनाने कळला नसता.

बाटली उघडण्याचे कामही सविस्तर सांगण्यासारखे आहे. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवावी लागते. गळ्यावरची पोर्तुगीज हमीपट्टी कापली की खाली लांब बूच दिसते. वीस वर्षांत ते खालच्या अर्ध्यात जांभळे आणि मऊ झालेले असते, म्हणून साध्या स्क्रूने ओढल्यास मधोमध तुटते आणि दुहेरी पात्यांचे उचकणे वापरणे श्रेयस्कर ठरते. मग बाटलीच्या मानेमागे दिवा ठेवून, मलमलीच्या फडक्यातून, एकाच संथ धारेत ओतायचे. मानेशी काळसर, कातळाच्या पापुद्र्यासारखा गाळ सरकताना दिसला की थांबायचे. तळाशी उरलेला घोटभर भाग टाकून द्यावा लागतो, त्याबद्दल हळहळ वाटू देऊ नये.

याच गाळामुळे वाटणी कधी करावी, या प्रश्नाचे उत्तर मिळते. मूळ लाकडी केस न उघडता ठेवली तर पुनर्विक्रीला तिची किंमत अधिक येते, म्हणून आमच्यातील दोघांचे मत केस तशाच ठेवून वीस वर्षांनी वाटणी करावी असे होते. मी वाटणी ताबडतोब करण्याच्या बाजूने होतो आणि आजही आहे. कोवळ्या पोर्टमध्ये गाळाचा थर अजून धरलेला नसतो, त्यामुळे बाटल्या हलवल्याने काही बिघडत नाही. वीस वर्षांनी तोच थर एका बाजूला घट्ट बसलेला असतो आणि उलटापालट केली की तो मोडून सगळी वाइन गढूळ होते. पूर्वी पोर्टच्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका मारत, तो याचसाठी, की वरची बाजू कायम वरच राहावी. शिवाय वीस वर्षांनी सहाही घरे इथेच असतील, असे कोण सांगू शकेल?

हा प्रश्न आमच्या बाबतीत लवकरच उभा राहिला. एक कुटुंब नोकरीनिमित्त पुण्याला परतले. भारतात येताना प्रवाशाला करमुक्त मद्य दोन लिटरच नेता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या, आणि पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत 12-13 अंशांचे तापमान घरात राखायचे तर वाइनसाठीचा खास फ्रिज लागतो. वाटणी आधीच झालेली असल्यामुळे त्यांनी आपली केस स्वतःच्या खात्यातच इथे गोदामात राहू दिली. कोणाशी हिशेब करावा लागला नाही.

खाते हा या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आम्ही माल बाँडमध्ये ठेवला आहे, म्हणजे सरकारमान्य गोदामातून बाहेर काढेपर्यंत ड्यूटी आणि व्हॅट भरावा लागत नाही. ऑगस्ट 2023 पासून मद्यार्काच्या प्रमाणावर ड्यूटी लागू झाल्याने 20 टक्क्यांच्या पोर्टवरील ड्यूटी प्रति बाटली 2.98 पौंडांवरून 4.28 पौंडांवर गेली आणि त्यानंतरही वाढली. तिच्या आणि किमतीच्या बेरजेवर 20 टक्के व्हॅट लागतो. म्हणजे बाँडमध्ये 60 पौंडांना असलेली बाटली घरी येईपर्यंत 77 पौंडांच्या पुढे जाते. त्यात गोदामाचे वार्षिक भाडे वेगळे. हा हिशेब आधीच मांडला नाही तर पुढे मनस्ताप होतो.

गोदामातील नोंद प्रत्येकाच्या स्वतःच्या नावावर असावी, विक्रेत्याच्या किंवा गटातील एकाच्या नावावर नसावी, असा आग्रह धरावा. विक्रेता दिवाळखोरीत गेला तर त्याच्या नावावरचा माल त्याच्या देणेकऱ्यांच्या तावडीत सापडू शकतो. पैसेही एकाच्या खात्यात गोळा न करता प्रत्येकाने थेट भरावेत.

गैरसोयीही सांगायला हव्यात. वाटणी करून देणाऱ्या विक्रेत्याने एका घराच्या केसमध्ये वॉरच्या दोन बाटल्या घातल्या आणि फॉन्सेका घातलेच नाही. गोदामाच्या यादीत नुसती ‘मिश्र केस, सहा बाटल्या’ एवढीच नोंद असल्यामुळे ती चूक कागदावर सिद्ध करणे कठीण गेले. पत्रव्यवहारात कित्येक आठवडे गेले. अखेर मूळ केसच्या रोटेशन क्रमांकांची (गोदामाने आलेल्या मालाला दिलेल्या नोंद क्रमांकांची) यादी आमच्याकडे असल्यामुळेच बाटली बदलून मिळाली. म्हणून वाटणीपूर्वी रोटेशन क्रमांक, आणि वाटणीनंतर प्रत्येक केसचे झाकण उघडे असतानाचे छायाचित्र, या दोन गोष्टी मागून घ्याव्यात. जुन्या बाटल्या घेत असाल तर वाइनची पातळी गळ्यात आहे की खांद्यावर उतरली आहे, हेही छायाचित्रात दिसले पाहिजे.

गुंतवणूक म्हणून मिश्र केस घेऊ नये. ती विकायला काढली तर सुट्या बाटल्यांचाच भाव येतो. पिण्यासाठी मात्र मी हा व्यवहार पुन्हा करीन, आणि आमचा गट 2017 च्या खरेदीचा विचार करीतही आहे. त्या वेळी काही केस अर्ध्या बाटल्यांच्या घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे: 375 मिलिलिटरच्या बाटलीत पोर्ट लवकर मुरते, आणि ज्या घरात एकच जण पितो तिथे उघडलेली पूर्ण बाटली दोन-तीन दिवसांत संपवण्याची घाई करावी लागत नाही. सर्वच शिपर अर्ध्या बाटल्या भरत नाहीत, त्यामुळे यादी त्यानुसार बदलावी लागेल.