विंगेतून पाहिलेली आठ नाटके : ‘द गोल्डन एज ऑफ टेलिव्हिजन’ हा डीव्हीडी संच

अमेरिकेतील क्रायटेरियन या कंपनीने २००९ साली काढलेला हा तीन डिस्कचा संच मी गेल्या पावसाळ्यात, कृष्णेचे पाणी चढल्यामुळे आमच्या तालमी बंद होत्या तेव्हा, सांगलीत विश्रामबागेतील घरी सलग आठ रात्री पाहिला. १९५३ ते १९५८ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर सादर झालेली आठ नाटके त्यात आहेत. हौशी नाट्यस्पर्धांमध्ये मी पंधरा वर्षे नेपथ्य सांभाळत आलो आहे, त्यामुळे पुढील मत समीक्षकाचे नसून विंगेत उभ्या राहणाऱ्या माणसाचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

चित्राच्या दर्जाबद्दल अपेक्षा माफक ठेवावी. त्या काळी ही नाटके स्टुडिओत घडत असतानाच घरोघरी दिसत. अँपेक्स कंपनीचे व्हिडिओ टेपयंत्र आले १९५६ मध्ये. त्याआधी प्रयोग जपून ठेवण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून त्यावरील चित्राचेच चित्रीकरण करणे. याला किनेस्कोप म्हणतात. या संचातील नाटके अशाच नोंदींमुळे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत, म्हणून चेहऱ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि काळ्या कोटाचा तपशील अंधारात बुडतो. पहिली दहा मिनिटे डोळ्यांना त्रास होतो. पुढे तो जाणवत नाही.

खरी मौज आहे ती ‘प्रयोग’ या शब्दाच्या अर्थात. रॉड सर्लिंग यांचे ‘पॅटर्न्स’ १२ जानेवारी १९५५ रोजी सादर झाले आणि इतके गाजले की ते पुन्हा दाखवावे लागले. मात्र पुन्हा दाखवणे म्हणजे नटांनी पुन्हा उभे राहून ते करणे, आणि तसे ते ९ फेब्रुवारीला करण्यात आले. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ उभे केले त्या गावातील माणसाला यात नवल वाटू नये, तरीही मला वाटले, कारण इथे रंगमंचाची जोखीम होती आणि रंगमंचाचे एकही सुख नव्हते. एकाच स्टुडिओत चार-पाच नेपथ्ये शेजारीशेजारी मांडलेली, जमिनीवर कॅमेऱ्यांच्या जाड वायरी पसरलेल्या, एका प्रवेशातून दुसऱ्यात जाणारा नट जाहिरात चालू असेपर्यंत धावत जाऊन कपडे बदलणारा, आणि समोर हशा किंवा टाळी देणारे बहुधा कोणीही नाही. आमच्याकडे टाळ्यांमुळे अंक दहा मिनिटे लांबला तर फार तर मिरजेच्या प्रेक्षकांची शेवटची बस चुकते. तिथे घड्याळ ठरलेल्या वेळेपलीकडे कोणालाही सवलत देत नसे.

पहिल्या रात्री ‘मार्टी’ पाहिले (पॅडी चायेफस्की, १९५३). छत्तिशीतला, लग्न न जमलेला खाटीक आणि त्याच्यामागे लग्नाचा धोशा लावणारी आई. एवढ्यावरून आपल्याकडील कोणत्याही आळीत हे नाटक घडू शकते. मार्टी झालेले रॉड स्टायगर फोनवरून एका मुलीला फिरायला येण्याबद्दल विचारतात त्या प्रवेशात कॅमेरा सावकाश पुढे सरकत जातो, नकार ऐकताना ते डोळे मिटतात, आणि मिटलेल्या पापण्यांखेरीज पाहण्यासारखे काही उरत नाही. भावे नाट्यमंदिरात पंधराव्या रांगेतून हे दिसले नसते. चित्रपटात दिसले असते, पण तिथे ते नवव्या टेकला मिळालेले असू शकते; इथे दुसरा टेकच नाही, ही जाणीव पाहणाऱ्याला आवंढा गिळायला लावते.

संचातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग ‘रेक्विम फॉर अ हेवीवेट’ हा आहे (ऑक्टोबर १९५६). जॅक पॅलन्स यांचा थकलेला मुष्टियोद्धा उत्तमच, पण माझे लक्ष एड विन यांच्यावर खिळले होते. आयुष्यभर विदूषकी करून हसवलेल्या या नटाला येथे गंभीर भूमिका दिली होती. तालमीत ते वाक्ये चुकत होते, म्हणून बदली नट तयार ठेवला होता, आणि त्यांच्याबरोबर प्रवेश करणाऱ्यांत त्यांचा मुलगा कीनन विनही होता. प्रत्यक्ष प्रयोगात एड विन उभे राहिले आणि सुंदर उभे राहिले. मुलगा वडिलांकडे पाहतो तेव्हा त्या नजरेत भूमिका किती आणि धास्ती किती, हे मी तो प्रवेश तीनदा पाहूनही ठरवू शकलो नाही. एका स्पर्धेत मी लावलेले दार ऐन वेळी उघडेना, तेव्हा आमचा नायक ‘आई, कडी आतून लावलीस का गं?’ असे म्हणून खिडकीतून आत आला होता. त्या वेळी विंगेत माझे जे झाले ते मला या प्रवेशात पडद्यावर दिसले.

‘बँग द ड्रम स्लोली’मध्ये तरुण पॉल न्यूमन प्रवेशातून बाजूला होऊन थेट आपल्याशी बोलू लागतात, आपल्या सूत्रधाराशी त्यांचे नाते ओळखायला वेळ लागत नाही. बेसबॉल कळत नसला तरी अडत नाही. ‘द कॉमेडियन’मध्ये दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर यांचा कॅमेरा इतका चपळ आहे की प्रयोग थेट होता यावर विश्वास बसत नाही, मात्र मिकी रूनी यांचा आरडाओरडा मला शेवटी जड झाला. ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ दारूच्या व्यसनाबद्दल आहे आणि ते एकट्याने पाहू नये. ‘नो टाइम फॉर सार्जंट्स’ व ‘अ विंड फ्रॉम द साउथ’ ही दोन नाटके एकदा पाहण्यापुरती आहेत.

नाटकांसोबत कलावंतांच्या मुलाखती आणि काही दिग्दर्शकांचे चालू प्रयोगावरील निवेदन दिले आहे. नेपथ्य किंवा प्रकाशयोजना करणाऱ्यांनी हे निवेदन अवश्य ऐकावे. ‘मार्टी’मधील, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागाच्या बोलीतील संवाद मात्र पहिल्या खेपेला निसटतात. डिस्क अमेरिकी क्षेत्रासाठीच्या असल्याने सर्व क्षेत्रांच्या डिस्क चालवणारा प्लेअर जवळ आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्यावे. संपूर्ण किंमत एकट्याने न मोजता मंडळाने वर्गणी काढून संच घेणे शहाणपणाचे ठरेल. आमच्या मंडळात सध्या ‘मार्टी’ची डिस्क नव्या नायकाकडे गेली आहे आणि ती परत मिळवण्यासाठी मला त्याच्याकडे दोनदा खेटे घालावे लागले आहेत.