आठ महिने आणि 4 ग्रॅम पाणी: मोठ्या पाईकसाठी घेतलेल्या जर्कबेटचा अनुभव

खरं तर हा रिव्ह्यू मी जूनमध्येच लिहून ठेवला होता, एक स्टार देऊन, आणि त्यात दोन-तीन शब्द असे होते की आई वाचेल या भीतीने पोस्ट केला नाही. बरंच झालं, कारण ऑक्टोबरमध्ये जे झालं त्यानंतर तो डिलीट करायची वेळ आली असती. पण म्हणून माफी वगैरे काही नाही, आधीच सांगतो. हा ल्युर, म्हणजे पाईक नावाच्या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठीचं खोटं आमिष, पाणी पितो. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर चर्चा ल्युरवर न होता ब्रँडवर होते.

स्पेक सगळ्यांना माहीतच आहेत, नेहमीचाच ग्लायडर टाईप जर्कबेट (दोरीला झटका दिला की डावी-उजवीकडे सरकणारा), 12 सेंमी, 75 ग्रॅम, स्लो सिंकिंग म्हणजे हळू बुडणारा, आतून पोकळ प्लास्टिक, खाली दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक. घ्यायचं कारण शुद्ध कंजूषपणा. त्याआधी दोन सीझन मी मोठे सॉफ्ट शॅड, म्हणजे मऊ रबरी मासे, मारले, 20-25 सेंमीचे, मासे लागतात यात वादच नाही, पण पाईकचे दात तुम्हाला माहितीये, टाळूवर मागे वळलेल्या दातांची आख्खी कानस असते, तीन माशांत शेपूट गायब, आणि कधी कधी तर मासा न लागता नुसतीच शेपूट गायब. प्रत्येक वेळी नवीन पाकीट. मग हिशोब केला की हार्ड बॉडी एकदा घेतला की पाच वर्षं बघायला नको. हा हिशोब किती दिवस टिकला ते पुढे येतंच.

पहिली भांडणाची गोष्ट लवकर संपवतो कारण त्यात चूक माझीच निघाली. पहिल्या दोन ट्रिपमध्ये दर चौथ्या-पाचव्या कास्टला (फेकीला) पुढचा हुक लीडरमध्ये, म्हणजे दोरी आणि ल्युरच्या मधल्या तारेच्या तुकड्यात, अडकून ल्युर आडवा, गवताच्या पेंडीसारखा ओढत यायचा. मी ल्युरला शिव्या घातल्या, मनात रिव्ह्यूची पहिली ओळ पण तयार केली. मग कळलं की मी शॅडसाठीचा मऊ, बारीक तारांचा पिळलेला लीडर वापरतोय. ग्लायडर झटका दिला की बाजूला सरकतो आणि दोरी ढिली पडते, मऊ लीडर तेवढ्यात लोंबून हुकाला जाऊन मिठी मारतो. कडक सिंगल स्ट्रँड तारेचा लीडर लावला, साधारण 30 सेंमीचा, आणि प्रॉब्लेम जवळजवळ संपला. (लीडरच काढून टाकला तर अडकणारच नाही असं एकाने मला सुचवलं. बाबांनो, असं करू नका, ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, कितीही जाड असली तरी पाईक ती कापतो आणि मग तो घशात दोन ट्रेबल घेऊन फिरतो.)

आता पाणी.

मे महिन्यात, पाईक अंडी घालून उथळ पाण्यातच रेंगाळत होते, दीड मीटर पाणी, खालून शेवाळ वर यायला लागलेलं. अशा ठिकाणी स्लो सिंकिंगचा सगळा फायदा हाच की दोन झटके दिले, थांबलात, तर तो शेवाळाच्या वर तरंगल्यासारखा राहतो. पहिला तासभर मस्त. मग हळूहळू प्रत्येक पॉजनंतर हुकाला हिरवी दाढी यायला लागली. मला वाटलं मीच जास्त थांबतोय. पॉज कमी केला तर मासे यायचे बंद झाले, कारण निम्म्याहून जास्त पाईक त्या थांबण्यावरच धरतात. शेवटी वैतागून ल्युर कानाशी धरून हलवला तर आत खुळखुळ. खुळखुळ असायला हवी, गोळ्या आहेत आत. पण ही ओली खुळखुळ होती. नारळ हलवून बघतो ना, तशी.

घरी आल्यावर किचनच्या काट्यावर ठेवला. नवीन असताना 75 भरला होता, हो, मी मोजला होता, मी तसाच आहे. आता 79. चार ग्रॅम म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण गणित बघा, स्लो सिंकिंग म्हणजे हा स्वतःच्या आकाराच्या पाण्यापेक्षा जेमतेम दोन-तीन ग्रॅमच जड असतो. त्यात चार टाकले की ते जास्तीचं वजन डबलच्याही वर गेलं. बादलीत आणि मग तळ्यात दोरीवर खूण करून मोजलं तर आधी मीटरभर बुडायला 4 सेकंद लागायचे ते अडीचवर आलं. शिवाय ते पाणी आत मोकळं फिरतं, झटका दिला की मागे जातं, त्यामुळे ल्युर डावी-उजवीकडे सरकायचा सोडून शेपूट टाकून बसतो. म्हणजे ज्या एका गुणासाठी घेतला तोच गेला.

यानंतर मी जरा वाहवत गेलो हे मान्य आहे. प्रत्येक ट्रिपच्या आधी वजन, नंतर वजन, वहीत तारीख टाकून. 75, 78, रात्रभर उभा टांगून ठेवल्यावर 76, परत 79. बायकोने एकदा वही उघडून विचारलं, "हे कोणाच्या बाळाचं वजन लिहितोयस?" बोटीवरचा माझा पार्टनर तर मी ल्युर कानाला लावला की म्हणायचा, "काय म्हणतोय रे, कधी येतोय मासा?" हसा.

पाणी कुठून जातं ते शोधायची ट्रिक मात्र लक्षात ठेवा, उपयोगी आहे. ल्युर कोरडा करून गरम पाण्यात, उकळत्या नाही, हाताला सोसेल त्याहून थोड्या जास्त गरम पाण्यात बुडवून धरायचा. आतली हवा फुगते आणि जिथे भोक असेल तिथून बुडबुडे येतात. माझ्या ल्युरला वरून पंधरा-वीस दातांचे ओरखडे होते, मला खात्री होती की त्यातूनच. एकातूनही नाही. मागच्या हुकाची कडी जिथे पोटात शिरते तिथल्या सांध्यातून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, एकामागून एक, शांतपणे माळ लागलेली. म्हणजे फॅक्टरीतूनच.

कंपनीला मेल केला, फोटो, व्हिडिओ, वजनाचा तक्ता सकट. पहिलं उत्तर, माशाच्या दातांनी झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो, पाईकचा ल्युर आहे, पाकिटावर आ वासलेल्या पाईकचं चित्र आहे, त्याला कोणी चावायचंच नाही का? मी परत लिहिलं की दात नाहीत, सांधा आहे, व्हिडिओ पाहा. दहा दिवस शांतता. मग दुसरं उत्तर, फोटोत हुक मूळचे दिसत नाहीत, पार्ट बदलल्यामुळे वॉरंटी रद्द. हुक मी बदलले होते हे खरंय, कारण मूळचे दुसऱ्याच माशावर सरळ झाले होते, आणि बदलताना त्याच वजनाचे बघून घेतले होते कारण हुक जड झाले तरी बुडण्याचा स्पीड बदलतो. हे सगळं सविस्तर लिहिलं. तिसऱ्या उत्तरात पुढच्या खरेदीवर डिस्काउंट कूपन आलं. तेव्हा जो एक स्टारवाला रिव्ह्यू लिहिला तोच तो.

नेलपॉलिश लावून बघितलं, पहिल्याच माशाबरोबर उडालं. मग ल्युर बॉक्सच्या तळाशी.

उन्हाळ्यात तसंही फार काही केलं नाही. पाणी 20-21 अंशांच्या वर गेलं की मी पाईक बंद करतो, मोठ्या पाईकला गार पाणी लागतं, गरम पाण्यात दमवून सोडला तर दिसायला पोहत जातो पण नंतर मरतो. अधेमधे सकाळी चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचा धातूचा ल्युर, मारला. चमच्याचं एक बरं असतं, त्याला पाणी प्यायला पोटच नाही. अमेरिकेत एका माणसाच्या हातून जेवताना चमचा तळ्यात पडला आणि माशाने तो धरला, त्यावरून त्याने ल्युर बनवला अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी खोटी देव जाणे, पण त्याचं पेटंट 1852 चं आहे आणि डिझाईन अजून विकलं जातंय. लीक झाल्याची तक्रार आलेली नसावी.

तर ऑक्टोबर. पाणी 11 अंश, उथळातलं शेवाळ मरून पडलेलं, बारीक मासे तिथून निघून कडेच्या उतारावर खोल गेलेले आणि त्यांच्यामागे पाईक. आम्ही उतारावर होतो, वर दोन मीटर आणि पुढे एकदम सहा. शॅड संपले होते (नवीन पाकीट घेतलं नव्हतं, का ते वर लिहिलंय) आणि चमच्याला काही येत नव्हतं. बॉक्समध्ये तळाशी हा. मी म्हटलं चला, बुडतोच आहेस तर बुड. कास्ट केला, दहापर्यंत मोजलं, दोन आखूड झटके, थांबलो. शेपूट खाली करून तो खोल खोल सरकत असणार, आजारी मासा टेकतो तसा. परत दोन झटके. परत थांबलो. तिसऱ्या पॉजला दोरी जड झाली. झटका नाही, ठोका नाही, फक्त कोणीतरी दाराला आतून कडी लावावी तसं. मी हुक सेट केला आणि काहीच हललं नाही. मग ते काहीच न हललेलं हळूच डावीकडे चालायला लागलं.

104 सेंमी. मादी अर्थातच, नर एवढे वाढतच नाहीत. दोन्ही हुक तोंडाच्या कोपऱ्यात, हुकांच्या टोकामागचे उलटे काटे मी आधीच चेपून ठेवतो त्यामुळे लांब पक्कडीने जाळ्यातच, पाण्याबाहेर न काढता अर्ध्या मिनिटात सुटले. एक फोटो आणि परत पाण्यात. एवढी मोठी मादी सोडायचीच, आयर्लंडमध्ये तर 2006 पासून 50 सेंमीच्या वरचा पाईक मारायला कायद्यानेच बंदी आहे. वजन केलं का असं सगळे विचारतात. माशाचं नाही केलं. ल्युरचं केलं, घरी आल्यावर. 79.

त्या दिवशी अजून दोन आले, 80 च्या आसपासचे, दोन्ही तसेच पडताना. पार्टनर तोपर्यंत माझाच सेकंडहँड चमचा मारत होता, त्याने शेवटी विचारलं, "तो फुटका दे ना जरा." दिला नाही.

म्हणून आता मत बदलून लिहितोय. मे महिन्यात जो दोष होता तोच ऑक्टोबरमध्ये कामाला आला, आणि त्यातून जे लक्षात आलं ते असं की मी रंगांवर उगाच डोकं खपवत होतो, खेळ सगळा ल्युर कुठल्या खोलीवर किती वेळ राहतो याचा होता. पाईकचे डोळे डोक्यावर वरच्या बाजूला असतात, तो वर आणि समोर बघतो, त्यामुळे ल्युर त्याच्या थोडा वर हवा, खाली गेला की त्याच्यासाठी तो नाहीच. दीड मीटर शेवाळात माझा फुटका ल्युर त्याच्या खाली जात होता. सहा मीटरच्या उतारावर नवा कोरा ल्युर त्याच्यापर्यंत पोचलाच नसता, किंवा मी पोचेपर्यंत थांबलो नसतो, माझा पेशन्स मला माहितीये. आणि पॉज. जेवढा लांब वाटतो त्याच्या दुप्पट. गार पाण्यात मी आता मनात पाच मोजतो, आणि बोटीजवळ आल्यावरही ल्युर लगेच उचलत नाही, पाण्यातच एक मोठं वळण देतो, कारण मोठे मासे मागे मागे येतात आणि शेवटच्या क्षणी ठरवतात. सप्टेंबरमध्ये एक असाच माझ्याकडे बघून गेला होता, त्याचं दुःख वेगळं.

एवढं सगळं झालं तरी सांधा लीक होतो तो होतोच, आणि पाणी भरलेला ल्युर भरवशाचा नाही, कधी 77 कधी 79, एकसारखा कधीच पडत नाही. म्हणून नोव्हेंबरमध्ये आठवडाभर खिडकीत वाळवला, काट्यावर 75 आला, दोन-भागांच्या इपॉक्सीने सांधा बंद केला, गरम पाण्यात धरला, एकही बुडबुडा नाही. कंपनीने हे केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. दोन स्टार त्याचे कापले. तिसरा कूपनचा.

आणि मग सोल्डरिंगची तार, शिसं नसलेली, मागच्या हुकाच्या दांडीवर गुंडाळली, थोडी थोडी कापत, काटा 79 दाखवेपर्यंत. परवा बादलीत सोडून बघितला. शेपूट खाली करून पडतो.