लेखकगटातली ‘यशवही’: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लेखकगटात कुणाचं काही छापून आलं की अभिनंदनाचे सात-आठ संदेश येतात, दोन-तीन टाळ्यांची चित्रं पडतात आणि तासाभरात विषय मागे जातो. हे बदलावं म्हणून आमच्या गटाने नऊ महिन्यांपूर्वी ‘यशवही’ सुरू केली. म्हणजे गूगल शीट्सवर सगळ्यांचा मिळून एक तक्ता आणि दर पंधरवड्याच्या दीड तासाच्या बैठकीतली पहिली वीस मिनिटं. पद्धत आता अंगवळणी पडली आहे. तिच्यात काय टिकलं आणि काय बदलावं लागलं, ते इथे लिहितो आहोत.

तक्त्यात सुरुवातीला चौदा रकाने होते. ते कुणी भरेना. आता सात आहेत: तारीख, नाव, साहित्यप्रकार आणि शब्दसंख्या, कुठे पाठवलं, कितव्यांदा, टप्पा, जाहीर करायला हरकत आहे का. मानधनाचा रकाना काढून टाकला, कारण तो असला की लोक रकमांची तुलना करू लागतात आणि बिनमानधनाच्या अंकात आलेली चांगली कविता उगीच फिकी वाटते. ज्याला आकडा सांगायचा आहे तो बैठकीत सांगतो.

खरा जीव ‘टप्पा’ या रकान्यात आहे. पाठवलं, साभार परत (छापील उत्तर), साभार परत (संपादकाच्या शब्दांसह), दुरुस्त्या मागवल्या, स्वीकृत, मुद्रितं (छपाईपूर्वीची प्रुफं) तपासली, प्रसिद्ध झालं, लेखकप्रत मिळाली, मानधन जमा झालं, वाचकाचं पत्र आलं. यातलं प्रत्येक आमच्याकडे यश म्हणून नोंदवलं जातं, एक छापील नकार सोडून. आणि ‘पाठवलं’ हे तर आवर्जून. स्वीकारणं संपादकाच्या हातात असतं, पाठवणं लेखकाच्या. फक्त स्वीकृतीवर टाळ्या वाजवल्या तर गटातले निम्मे लोक अनेक महिने नुसते टाळ्या वाजवणारे राहतात आणि हळूहळू बैठकीला यायचे थांबतात.

यात एक अडचण लगेच येते. ‘पाठवलं’ मोजायला लागलं की काही जण त्याच पाच कविता दहा ठिकाणी धाडून दहा ओळी भरतात. त्यावर आम्ही एक नियम केला आणि तो चालला: गटात एकदा वाचून, त्यानंतर किमान एक खर्डा बदललेलं लेखनच ‘पाठवलं’मध्ये धरायचं, आणि तेही पहिल्या पाठवणीलाच. पुढच्या पाठवण्या ‘कितव्यांदा’ या रकान्यात नुसता आकडा वाढवतात. हा आकडा फार बोलका ठरतो. ‘लघुकथा, २,४०० शब्द, सहाव्यांदा, स्वीकृत’ ही एक ओळ नव्या सदस्याला जेवढं शिकवते तेवढं चिकाटीवरचं भाषण शिकवत नाही.

संपादकाच्या शब्दांसह आलेला नकार वेगळा ओळखायला शिकणं, हा या वहीचा आमच्या मते सर्वांत मोठा फायदा. ‘आपले साहित्य स्वीकारता आले नाही, क्षमस्व’ हे सगळ्यांना जाणारं उत्तर. पण पत्रात कथेतल्या पात्राचं नाव, एखादं दृश्य किंवा ‘पुढचं लेखन जरूर पाठवा’ असं काही असेल, तर कुणीतरी वेळ काढून वाचलं आहे. पुष्कळ लेखक अशी पत्रं खिन्न होऊन मिटून ठेवतात. बैठकीत ती मोठ्याने वाचली की इतरांना त्यातली दारं दिसतात. मात्र इथे एक गल्लत हमखास होते. ‘पुढचं पाठवा’ याचा अर्थ दुसरं लेखन पाठवा असा असतो. तीच कथा दुरुस्त करून पुन्हा पाठवायची, तर संपादकाने तसं स्पष्ट म्हटलेलं असावं लागतं. नवं लेखन पाठवताना सोबतच्या पत्रात आधीच्या उत्तराचा एका वाक्यात उल्लेख करावा, तेवढा पुरतो.

आता कौतुकाच्या त्या वीस मिनिटांबद्दल. बातमी असलेल्या प्रत्येकाला तीन मिनिटं: एका मिनिटात बातमी, अर्ध्या मिनिटात लेखनातल्या चार-पाच ओळी, उरलेल्या वेळात एक प्रश्न. प्रश्न कोण विचारणार ते पाळीने ठरलेलं असतं. ‘वा, छान, अभिनंदन’ एवढ्यावर सुटका नाही. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांचा २००४ सालचा अभ्यास इथे उपयोगी पडला. चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा उत्साहाने रस घेतो, विचारपूस करतो, तेव्हा त्या नात्यातलं समाधान जास्त असल्याचं त्यात आढळलं होतं. शांतपणे ‘बरं झालं’ म्हणण्यात ती गोष्ट दिसली नाही. आमचा अनुभव याला धरूनच आहे. ‘संपादकांनी शेवटचं कडवं ठेवलं की काढलं?’ असा प्रश्न आला की लिहिणारा खुलतो, आणि ऐकणाऱ्यांना त्या अंकाचा संपादक कसा हात फिरवतो हेही कळतं. एका प्रश्नात कौतुक आणि माहिती दोन्ही येतात. ‘त्यांच्याकडे तुमची ओळख होती का?’ हा प्रश्न मात्र बंद ठेवला आहे. विचारणाऱ्याचा हेतू कितीही साधा असला तरी तो बोचतो.

या वीस मिनिटांत समीक्षाही बंद. छापून आलेल्या कथेतली त्रुटी त्याच दिवशी दाखवायची हौस काहींना आवरत नाही. पण मजकूर आता बदलता येणार नसतो. पुढच्या लेखनाच्या वाचनात तोच मुद्दा काढला तर त्याचा उपयोग होतो.

घाई नडते ती जाहीर करण्यात. स्वीकृतीचा मेल आला की आधी तेच लेखन इतर कुठे विचाराधीन आहे का ते पाहायचं आणि तिथे माघारीचं पत्र पाठवायचं. दोन ओळी पुरतात: लेखनाचं शीर्षक, पाठवल्याची तारीख, ते अन्यत्र स्वीकारलं गेल्यामुळे मागे घेत आहे. पाच कवितांच्या संचातली एकच गेली असेल तर कुठली, ते नावानिशी लिहायचं, नाहीतर उरलेल्या चारही बाद होण्याची शक्यता असते. हे झाल्यावर मगच वहीत ‘स्वीकृत’ लिहायचं. करारावर सही होण्याआधी किंवा संपादकांनी यादी प्रसिद्ध करण्याआधी समाजमाध्यमांवर बातमी टाकू नये. काही स्पर्धांमध्ये तर निकालाच्या तारखेपर्यंत गुप्तता पाळण्याची अटच असते. ‘जाहीर करायला हरकत आहे का’ हा रकाना यासाठीच ठेवला आहे, आणि तो रिकामा असला तर उत्तर ‘हरकत आहे’ असंच धरायचं.

मजकूर वाटण्याबाबतही सांभाळावं लागतं. प्रथम प्रकाशनाचे हक्क दिलेले असताना अख्खी कथा खुल्या पानावर टाकली, तर अनेक नियतकालिकं ती आधीच प्रसिद्ध झाली असं मानतात. म्हणून आनंद कितीही झाला तरी चार-पाच ओळी आणि प्रसिद्ध झाल्यावर दुवा, एवढंच.

वहीने न सुटलेला प्रश्नही आहे. एकाच सदस्याच्या ओळी लागोपाठ येत राहिल्या की बाकीचे गप्प होतात. त्या सदस्याला ओळी कमी करायला सांगणं आम्हाला अन्यायाचं वाटलं. त्याऐवजी एका बैठकीत एकाची एकच बातमी बोलायची, बाकीच्या वहीत राहतात. याने ताण कमी झाला, संपला नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने ‘या पंधरवड्यात एवढं लिहून झालं’ असं सांगितलं तरी चालतं, पण सांगायची सक्ती नाही. हेवा वाटणं स्वाभाविक आहे आणि तो न बोलता बसायची मोकळीकही हवी.

ही पद्धत आठ ते बारा जणांच्या गटाला बेतलेली आहे. जास्त लोक असतील तर वीस मिनिटं पुरत नाहीत आणि तीन मिनिटांची दोन केली की प्रश्नच गळतो. मग दोन उपगट करावेत.

शेवटचं काम छोटं आहे, पण राहून गेलं की हळहळ होते. ऑनलाइन अंक बंद पडतात आणि दुवे मरतात. लेखन प्रसिद्ध झालं त्याच दिवशी पानाची पीडीएफ काढून गटाच्या फोल्डरमध्ये टाकावी, आणि पान सगळ्यांना खुलं असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावरही त्याची प्रत जतन करावी. फाइलच्या नावात वर्ष, लेखक, शीर्षक, अंक या क्रमाने लिहिलं की पुढे संग्रहाची जुळवाजुळव करताना पूर्वप्रसिद्धीची यादी आयती मिळते.