कॅरेक्टर ग्रेड ओक फ्लोअरिंग: फळ्या टिकल्या, गाठींतलं फिलर नाही

हॉलमध्ये कॅरेक्टर ग्रेडचं, म्हणजे गाठी-चिरा असलेल्या फळ्यांचं, ओक फ्लोअरिंग आहे. एप्रिलमध्ये दोन-तीन फळ्यांतल्या गाठींमधलं काळं फिलर (भोकं बुजवायचा लगदा) कडेनं सुटलं आणि एका गाठीतून तर त्याची चकतीच बाहेर आली. विक्रेत्याचं उत्तर: ‘लाकूड नैसर्गिक आहे, वॉरंटीत बसत नाही.’ लाकूड नैसर्गिक, मान्य. पण फिलर काही झाडाला लागत नाही, ते कारखान्यातच भरतात.

माल असा: इंजिनिअर्ड ओक, १९० मिमी रुंद, १५ मिमी जाड, वरचा ४ मिमी थर खऱ्या लाकडाचा, खाली प्लाय, वर मॅट लॅकर (चमक नसलेलं वॉर्निश). पुण्यातला फ्लॅट, जुन्या व्हिट्रिफाइड टाइलवरच २ मिमी फोम टाकून फ्लोटिंग पद्धतीनं, म्हणजे खाली न चिकटवता, बसवलेलं. भिंतीकडेनं १० ते १२ मिमी फट सोडून वर स्कर्टिंग. दारं खालून रंधून घ्यावी लागतात, याची आठवण विक्रेता बिल झाल्यावर करून देतो.

फळ्यांबद्दल तक्रार नाही. हीच रुंदी सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाच्या, ओकमध्ये घेतली असती, तर लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी बदलताच एकेक फळी जवळजवळ पावणेतीन मिमी आकसली-फुगली असती. (साग साधारण त्याच्या निम्माच हलतो.) इंजिनिअर्डमध्ये खालचा प्लाय वरच्या थराला धरून ठेवतो, म्हणून सांध्यांत फटी दिसत नाहीत. पण वरच्या थरावरचा ताण नाहीसा होत नाही. तो सगळ्यात कमजोर जागी निघतो, आणि कॅरेक्टर ग्रेडमध्ये ती जागा म्हणजे गाठ.

गाठ म्हणजे खोडात रुतलेलं फांदीचं बूड. तिचे तंतू फळीच्या तंतूंना आडवे, त्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या दिशेनं आकसतात, आणि मधलं फिलर जवळजवळ आकसतच नाही. पुण्यात ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, एप्रिलच्या दुपारी २०-२५ पर्यंत उतरते. तेवढ्यात कडेची पकड सुटते. मग फरशी पुसताना पाणी त्या चिरेत उतरतं, लॅकर आतून सुटतं आणि गाठीभोवती काळपट कडं दिसू लागतं. फिलर खरं तर जरा लवचिक हवं. स्वस्तातलं कडक होतं आणि तुकड्यानं निघतं.

दुरुस्ती घरी होते. सैल फिलर टोकदार सुरीनं पूर्ण काढा, भोक व्हॅक्यूमनं साफ करा, कडेला मास्किंग टेप लावा. मग दोन भागांचं एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) घ्या, त्यात काळा आणि थोडा तपकिरी रंग. निव्वळ काळा फिकट ओकवर डांबर सांडल्यासारखा दिसतो. किंचित फुगवटा राहील इतकं भरा, २४ तासांनी धारदार पटाशीनं सपाट करा आणि तेवढ्याच जागी मॅट लॅकरचा हात द्या. नखाएवढ्या भोकाला हार्ड वॅक्सची कांडी वितळवून भरली तरी चालते.

फिलर निघालं तेव्हा वाटलं, जरा पैसे घालून कमी गाठींचा सिलेक्ट ग्रेड घ्यायला हवा होता. आता तसं वाटत नाही. खुर्च्यांचे ओरखडे आणि कुकरचं झाकण पडून झालेला खड्डा या गाठींच्या गर्दीत शोधावा लागतो. सिलेक्टच्या स्वच्छ फळीवर तो रोज डोळ्यांत खुपला असता. दोष ग्रेडचा नाही, फिलरचा आहे.

म्हणून घेताना नमुन्याच्या एका तुकड्यावर जाऊ नका. दोन पेट्या उघडायला लावा, तिरप्या उजेडात गाठींच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं की पेटी परत. ‘रस्टिक’, ‘नॅचरल’, ‘कॅरेक्टर’ यांचा अर्थ प्रत्येक कारखान्यात वेगळा असतो, त्यामुळे गाठीचा जास्तीत जास्त व्यास, चिरेची लांबी आणि फिकट बाहेरच्या लाकडाचं प्रमाण बिलावर लिहून घ्या. लाकूड पोखरणारे किडे त्या फिकट भागालाच लागतात. आणि दर सिलेक्टच्या बरोबरीचा सांगितला तर उठून या. गाठाळ माल कारखान्यातूनच स्वस्त निघतो.

बसवताना तीन-चार पेट्या एकदम उघडून फळ्या आधी नुसत्या मांडून बघा. मोठ्या गाठीच्या फळ्या सोफ्याखाली, दारापाशी कमीत कमी गाठींच्या. अगदी सैल गाठ रांगेच्या टोकाला कापून टाका. म्हणून वाया जाणारा माल १० नव्हे, १५ टक्के धरा: १२ बाय १४ फुटांच्या खोलीला १६८ ऐवजी १९३ चौरस फूट.

एक वेगळीच गोष्ट: ओकमध्ये टॅनिन असतं, लोखंडाशी मिळून काळं पडणारं द्रव्य. कुंडीच्या लोखंडी स्टँडखाली पाणी साचलं आणि ते लॅकरमधून आत गेलं, तर निळसर-काळा डाग पडतो. तो साबणानं जात नाही. लॅकर खरवडून ऑक्झॅलिक अॅसिड लावावं लागतं, हातमोजे घालून. स्टँडला रबरी बूट दहा-वीस रुपयांत मिळतात.