गोव्यात ‘हाताने काढलेलं’ पेंटिंग विकत घेताय? आधी हे वाचा

भावाने पर्वरीला फ्लॅट घेतला, तर वास्तुशांतीला आम्ही दोघी बहिणींनी मिळून एक मोठं पेंटिंग द्यायचं ठरवलं. बार्देशात किनाऱ्याकडच्या एका आर्ट गॅलरीत ते मिळालं (नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे). क्युबिस्ट स्टाईलचं, म्हणजे वस्तू तुकड्या-तुकड्यांत आणि एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखवणारं, समुद्रकिनाऱ्याचं. होड्यांचे त्रिकोण, माडांच्या तिरक्या पट्ट्या, पांढरं चर्च एकाच वेळी समोरूनही दिसतंय आणि बाजूनेही, आणि मधे पाटी घेऊन बसलेली मासळीवाली, तिचा अर्धा चेहरा निळा. चित्र सुंदर होतं, ते मी आजही म्हणेन. ३८ हजार रुपये दिले, ऑइल ऑन कॅनव्हास, हाताने काढलेलं, जगात एकच पीस, असं सांगून विकलं.

हे लोक बोलतात कसे ते नीट वाचा, कारण खरी फसवणूक तिथेच आहे. तो गॅलरीवाला सांगत होता त्यातलं बरंचसं खरं होतं. १९०८ मध्ये जॉर्ज ब्राक ह्या फ्रेंच चित्रकाराने दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताक ह्या समुद्रकाठच्या गावातली घरं ठोकळ्यांसारखी रंगवली आणि समीक्षकाने त्यांना क्यूब म्हटलं, तिथून क्युबिझम हे नाव रुजलं, हे खरं. प्रसिद्ध चित्रकार एफ. एन. सूझा आपल्या साळगावचे, जन्म १९२४ चा, १९४७ ला मुंबईत चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा केला, हेही खरं. आणि त्याच ओघात, त्याच आवाजात पुढचं वाक्य, की ह्या चित्राचा चित्रकार १९७० नंतर कितीतरी वर्षं साळगावला सूझांच्या हाताखाली शिकला. सूझा १९४९ लाच लंडनला गेले होते आणि १९६७ पासून न्यूयॉर्कला राहायचे! पण आधीची दहा वाक्यं खरी ऐकल्यावर अकरावं तपासायला मोबाईल कोण काढतं, आणि ते त्यांना पक्कं माहीत असतं.

पावसाळ्यात फ्रेमचा एक कोपरा सुटला म्हणून भाऊ चित्र म्हापशाच्या फ्रेमवाल्याकडे घेऊन गेला. त्याने फ्रेम काढली, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, “हें पेंटिंग न्हय, प्रिंट.” मग मी स्वतः जाऊन बघितलं. भिंगातून मासळीवालीचा निळा गाल म्हणजे नुसते बारीक बारीक ठिपके, निळे, गुलाबी, काळे. आणि ब्रशचे जे जाड फटकारे हाताला लागत होते ते पारदर्शक जेलचे, प्रिंटवरून नंतर फिरवलेले. माणूस रंगवतो तेव्हा फटकारा आकाराप्रमाणे वळतो, होडीची कड आली की रंग बदलतो. इथे एकच फटकारा होडीवरून निघून आकाशात गेलेला आणि तिथून थेट चर्चच्या भिंतीवर, खाली काय आहे त्याच्याशी काही संबंधच नाही. सहीसुद्धा त्या जेलच्या खाली, छापलेली. कॅनव्हास जिथे लाकडी पट्टीवर दुमडला होता तिथे नखाने खरवडलं तर शाई निघाली आणि खाली पांढरं कापड.

मला वाटतं असली चित्रं ते मुद्दाम मॉडर्न निवडतात, कारण साधं निसर्गचित्र असलं तर माणूस निदान होडी बघून काहीतरी बोलतो, इथे सगळं तुकड्या-तुकड्यांत असल्यावर आपल्यालाच वाटतं की आपल्याला कळत नसेल आणि आपण गप्प बसतो.

प्रिंट विकणं हा गुन्हा नाहीये हो. कितीतरी चांगले चित्रकार आपल्या कामाचे प्रिंट काढतात, त्यावर नंबर घालतात, प्रिंट म्हणूनच सांगून विकतात. प्रिंटला ओरिजिनल म्हणणं ही फसवणूक आहे. आणि ह्यात सगळ्यात जास्त भोगायला लागतं ते इथल्या खऱ्या चित्रकारांना, पणजीत आल्तिनोच्या आर्ट कॉलेजातून शिकून निघालेली मुलं महिना-महिना खपून एक कॅनव्हास पुरा करतात आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडेही संशयाने बघायला लागतं.

आता बिलाबद्दल, हे फार महत्त्वाचं आहे. तोंडी ओरिजिनल म्हणाले, सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट दिलं, पण बिलावर फक्त ‘वॉल डेकोर, एक नग’. सर्टिफिकेटवर माध्यमच लिहिलेलं नाही, चित्रकाराचा पत्ता-फोन काही नाही. असलं सर्टिफिकेट कुणीही छापू शकतो. त्यामुळे पैसे देण्याआधी बिलावरच लिहून मागा, चित्रकाराचं नाव, साल, माप, ऑइल का अॅक्रिलिक, आणि हाताने काढलेलं आहे असं स्पष्ट. आढेवेढे घेतले तर तिथून निघा. चित्र भिंतीवरून उतरवून मागची बाजू आणि कडा बघा, मोबाईलचा टॉर्च आडवा धरून फटकारे बघा, शक्य असेल तर चित्रकाराशीच बोला.

दुकानाने ‘एकदा विकलेला माल परत नाही’ म्हणून हात वर केले. आम्ही १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायला हवं. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर ‘ओरिजिनल ऑइल मॅडम’ असं लिहिलेला मेसेज आमच्याकडे आहे, तो आता कामाला येतोय, म्हणून तुम्हीही काही डिलीट करू नका.

आणि अर्धा चेहरा निळा असलेली मासळीवाली तुमच्याही भिंतीवर असेल तर प्लीज मला कळवा. जगात एकच म्हणून विकलेली दोन चित्रं आणि दोन बिलं आयोगापुढे एकत्र ठेवता आली तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल.