थंडरबर्डची ॲड-ऑन्स: वापरून आणि स्वतः लिहून आलेला अनुभव

वास्कोतल्या एका क्लिअरिंग एजंटच्या (बंदरातल्या मालाचे कस्टम्सचे कागद करणाऱ्याच्या) ऑफिसचे मेलचे काम मी बघतो. तिथे सगळ्या टेबलांवर थंडरबर्ड हा कॉम्प्युटरवर बसवायचा मेल प्रोग्राम आहे, आणि गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून त्यावर मी लिहिलेले एक ॲड-ऑन (प्रोग्रामला जोडायची छोटी पुरवणी) रोज चालते आहे. इतरांनी बनवलेली दोन-तीनही आहेत. आता पुरेसे महिने वापरून झाले, म्हणून लिहितो. थंडरबर्डला माझी पूर्ण पसंती आहे. पण त्यावर ॲड-ऑन घेताना ते काय काय करते हे नंतर बघा. ते कशाच्या आधारावर उभे आहे, हे आधी बघा.

ब्राउझरमध्ये मेल उघडून भागते की, असे बरेच जण म्हणतात. बंदराजवळ ऑफिस असलेल्यांना हे जून-जुलैत विचारावे. वीज गेलेली, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, इंटरनेटची लाइन बंद. अशा वेळी परवाच्या मेलमधली बिल ऑफ लेडिंगची (जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीची) पीडीएफ स्वतःच्या हार्ड डिस्कवर असली तर काम पुढे सरकते. आम्ही डेस्कटॉपवरच राहिलो ते एवढ्यासाठी.

ॲड-ऑन लिहायची गरज पडली ती कंटेनर नंबरमुळे. हा नंबर आयएसओ ६३४६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असतो: चार अक्षरे, सहा आकडे आणि शेवटी एक तपासणीचा आकडा. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत आहे. ती किंमत आणि आकडे १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढणाऱ्या भाराने गुणायचे, बेरीज करायची, ११ ने भागायचे. उरलेली बाकी म्हणजे शेवटचा आकडा. बाकी १० आली तर शून्य. नेहमीचे उदाहरण सीएसक्यूयू ३०५४३८३ घ्या. बेरीज ६१८५ येते, ११ ने भागून बाकी ३, म्हणजे नंबर बरोबर. आता घाईत ‘४३’ चे ‘३४’ झाले, तर बेरीज ६३१३ होते, बाकी १०, म्हणजे शेवटी ० हवा. तिथे ३ आहे, म्हणजे नंबर चुकला. माणसाच्या डोळ्यांना हे दिसत नाही, प्रोग्रामला क्षणात कळते. चुकीचा नंबर कस्टम्सच्या कागदात गेला तर दुरुस्तीला पुन्हा अर्ज करावा लागतो आणि कंटेनर तोवर बंदरात भाडे खात बसतो.

थंडरबर्डमध्ये यासाठी ‘ऑनबिफोरसेंड’ नावाचा इव्हेंट आहे. ‘पाठवा’ दाबले की मेल निघण्याआधी ॲड-ऑनला विचारले जाते. ॲड-ऑनने ‘कॅन्सल’ सांगितले तर मेल थांबतो. उत्तर येईपर्यंत लिहिण्याची खिडकी अडवून ठेवलेली असते, म्हणून तपासणी हलकी ठेवावी लागते. पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या ताईंनी हाक मारली, “अहो दादा, हा मेल जायनाच!” नंबर बघितला तर खरोखरच एक आकडा उलटा पडला होता. त्यानंतर त्या ॲड-ऑनची कुणी तक्रार केलेली नाही.

इथवरचे सगळे अधिकृत एपीआयवर, म्हणजे थंडरबर्डने ॲड-ऑन्ससाठी ठरवून दिलेल्या वाटांवर, उभे आहे, म्हणून ते टिकले. खरी अडचण त्यापुढे सुरू होते, आणि त्यासाठी थोडा इतिहास लागेल. जुनी ॲड-ऑन्स झूल (एक्सयूएल) या मोझिलाच्या जुन्या भाषेत लिहिलेली असत आणि थंडरबर्डच्या आतल्या कुठल्याही भागाला हात घालू शकत. २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स ५७ ने ती पद्धत बंद केली. थंडरबर्ड त्याच पायावर उभे असल्याने त्यालाही मागोमाग जावे लागले: ६० आणि ६८ या आवृत्त्यांत वाट अरुंद झाली, २०२० च्या जुलैत ७८ आली आणि जुनी ॲड-ऑन्स चालायची थांबली. अनेक वर्षे फुकट राबलेल्या कितीतरी लेखकांनी तेव्हा काम सोडले. एनिग्मेल या मेल कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या ॲड-ऑनचे काम तर थंडरबर्डने ओपनपीजीपी ही कुलपाची पद्धत आतच घेऊन स्वतःकडे घेतले. एवढ्या लोकांची मेहनत अशी एका आवृत्तीत संपली याचे मला आजही वाईट वाटते. निर्णय मात्र बरोबर होता असेच मी म्हणेन, कारण आतल्या कोडला हात घालणारे ॲड-ऑन बिघडले की अख्खा प्रोग्राम घेऊन बसते.

नव्या एपीआयमध्ये सगळे नाही. मेलच्या यादीत स्वतःचा रकाना जोडायचा असेल, तर त्यासाठी अधिकृत सोय नाही. मग ‘एक्स्पेरिमेंट’ वापरावे लागते, म्हणजे आपणच एक एपीआय लिहायचे आणि त्यातून आतल्या कोडपर्यंत पोहोचायचे. भाड्याच्या घरात भिंत फोडून कपाट बसवावे तसे हे आहे; मालकाने घराची डागडुजी काढली की कपाट निघते. ११५ मध्ये मेलची यादीच नव्याने लिहिली गेली, तेव्हा रकाने जोडणाऱ्या ॲड-ऑन्सना मुळापासून बदलावे लागले. पुढे जुनी जेएसएम मॉड्यूल्स (आतल्या कोडचे जुन्या पद्धतीचे तुकडे) गेली. १२८ ला जी इम्पोर्टची ओळ चालत होती ती १४० ला चालत नाही. तीन मोठी ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्या) अशी जुलैत आली आहेत: २०२३ ला ११५, २०२४ ला १२८, २०२५ ला १४०. दर वेळी एक्स्पेरिमेंट लिहिणाऱ्याने सगळे पुन्हा तपासायचे, मॅनिफेस्टमधली (ॲड-ऑनच्या माहितीच्या फाइलमधली) कमाल आवृत्ती वाढवायची आणि परीक्षणासाठी पाठवायचे. पोटापाण्याची नोकरी सांभाळून हे करणारा माणूस एखाद्या वर्षी थकला की ॲड-ऑन तिथेच थांबते.

आमच्याकडे तसेच झाले. मेल एका झटक्यात ठरलेल्या फोल्डरात टाकणारे एक छान ॲड-ऑन होते, सगळ्यांच्या हाताला बसलेले. आवृत्ती बदलली आणि ते ‘विसंगत’ म्हणून करडे झाले. नाव देत नाही, कारण लेखकाने स्वतःच्या वेळातून वर्षानुवर्षे ते फुकट दिले होते. चवथीच्या आधीच्या गर्दीत ते बंद पडले याचा त्रास आम्हाला झाला, पण त्याचा दोष त्याच्यावर टाकणे अन्याय होईल.

म्हणून आता मी इन्स्टॉल करताना परवानग्यांची खिडकी नीट वाचतो. ‘थंडरबर्ड आणि तुमच्या कॉम्प्युटरवर पूर्ण, अनिर्बंध प्रवेश’ अशा अर्थाची ओळ दिसली तर आत एक्स्पेरिमेंट आहे असे समजायचे. ते वाईटच असते असे नाही. पण ऑफिसचे रोजचे काम त्यावर टांगू नये.

अधिकृत एपीआयलाही खाचाखोचा आहेत. एपीआय प्रत्येक मेलला जो क्रमांक देते तो फक्त चालू सत्रापुरता असतो. थंडरबर्ड बंद करून उघडले की तो उपयोगाचा नाही. मेलबद्दल कायमची नोंद ठेवायची तर मेसेज-आयडी हेडर धरावा लागतो, आणि एकाच मेलची प्रत दोन फोल्डरांत असली की तो दोन्हीकडे सारखाच येतो. मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीत पार्श्वभूमीचे पान (ॲड-ऑनचा मागे चालणारा कोड) काम नसताना साधारण ३० सेकंदांनी झोपते आणि मेमरीत ठेवलेले सगळे जाते. नियमांची यादी स्टोरेजमध्येच ठेवायची.

मराठीसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण बाहेरच्या लेखकांच्या ती लक्षात येत नाही. ‘सोबत’ हा शब्द आहे पण फाइल जोडलेली नाही, असे ओळखणारा नियम लिहायला गेलो की जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुरात नमुने शोधायच्या सूत्रातली) शब्दसीमेची खूण देवनागरीला ओळखतच नाही. तिच्या लेखी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षर. इंग्रजीत झकास चालणारा नियम ‘सोबत बिल जोडले आहे’ या वाक्यावर गप्प बसतो. आकड्यांचेही तेच: आकड्याची नेहमीची खूण फक्त इंग्रजीतले 0 ते 9 पकडते, ‘१२’ असे देवनागरीत लिहिले की सुटते. युनिकोडचे गुणधर्म वापरून, यू फ्लॅग लावून लिहिले की दोन्ही प्रश्न सुटतात. मराठीतून पत्रव्यवहार करणाऱ्यांनी कुठलेही स्मरणपत्र-छाप ॲड-ऑन घेतले की आधी एका मराठी मेलवर तपासून बघावे.

आउटलुकचा विचार आम्ही केला होता. तिथेही लेखकाला सुख नाही: जुन्या आउटलुकची कॉम ॲड-इन्स (तिथली जुन्या पद्धतीची ॲड-ऑन्स) नव्या आउटलुकमध्ये चालत नाहीत, सगळे वेब ॲड-इन म्हणून पुन्हा लिहावे लागते. थंडरबर्डमध्ये निदान डिजिटल सही नसलेली ॲड-ऑनची फाइल स्वतःच्या ऑफिसात थेट टाकता येते आणि अपडेटचा पत्ता आपल्याच सर्व्हरचा देता येतो. छोट्या ऑफिसला ही फार मोठी सोय आहे.

सध्या १४० वर कंटेनरचे ॲड-ऑन व्यवस्थित चालले आहे. नवी ईएसआर आली की आधी एका टेबलावर बीटा (चाचणीची आवृत्ती) टाकून बघतो, मगच बाकीची टेबले. रकान्याचे अधिकृत एपीआय आले तर कंटेनर नंबर थेट यादीत दाखवायचा आहे. तोवर त्यासाठी मी टॅग वापरतो, आणि ताईंचे त्यावर भागते.