खोकणारी शेळी आणि सीएईची एलायझा किट

ताप नाही, दोन वेळा अँटिबायोटिक झालं, जंतनाशकही पाजलं, तरी शेळी वाळतच चालली आहे आणि दोन बांध ओलांडले की नाकपुड्या फुगवून धापा टाकते. मोठ्या वयाच्या शेळीत, त्यातही सानेन-अल्पाइनसारख्या दुधाळ जातीत असं दिसलं की सीएईची (कॅप्राइन आर्थ्रायटिस एन्सेफलायटिस, म्हणजे शेळ्यांचे सांधे, मेंदू, कास आणि फुफ्फुस बिघडवणारा विषाणूजन्य रोग) शंका येते. व्हीएमआरडी या अमेरिकी कंपनीची एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं रंगावरून ओळखणारी चाचणी) किट त्यासाठी वापरतात. हा रोग १९७४ मध्ये ज्या वॉशिंग्टन राज्यातून नोंदला गेला, तिथलीच ही कंपनी.

किट चांगली आहे, पण उलटी वाचावी लागते. ही स्पर्धात्मक एलायझा. शेळीच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर ती किटमधल्या प्रतिपिंडांना जागाच देत नाहीत, म्हणून रंग येत नाही. चाचणीच्या प्लेटमधला फिकट खळगा पॉझिटिव्ह, गडद निगेटिव्ह. नेहमीच्या एलायझावर हात बसलेला माणूस इथे हमखास चुकतो. रंग ३५ टक्के किंवा जास्त दबला तर पॉझिटिव्ह. धुण्यात कसूर झाली की रंग उगाच उरतो आणि बाधित शेळी निर्दोष सुटते. किट २ ते ८ अंशांत ठेवायची, चाचणी मात्र २३ अंशांच्या आसपास. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ती करू नये. सीरम पातळ न करता घालायचं असतं, हे सोयीचं. रक्त लाल टोपणाच्या साध्या नळीत घ्या, गोठू द्या, सीरम वेगळं काढा, मगच बर्फावर पाठवा. रक्त तसंच फ्रीझरमध्ये टाकलं तर पेशी फुटून नमुना वाया जातो.

प्रकाशित तपासणीत या पद्धतीची संवेदनशीलता १०० आणि विशिष्टता ९६.४ टक्के निघाली होती. म्हणजे शंभर निरोगी शेळ्या तपासल्या तर तीन-चार उगाच पॉझिटिव्ह येणार. स्वच्छ कळपात एकच पॉझिटिव्ह निघाली तर लगेच खाटकाला फोन करू नका. वेगळी बांधा, पुन्हा तपासा, जमल्यास पीसीआर (खुद्द विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करा.

निगेटिव्हचंही तसंच. संसर्गानंतर प्रतिपिंडं दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. विकत आणलेली शेळी एका रिपोर्टवर कळपात सोडू नये. सहा महिन्यांखालच्या करडात पॉझिटिव्ह आलं तर ती चिकातून आलेली आईची प्रतिपिंडं असू शकतात.

फुफ्फुसाबद्दल किट काहीच सांगत नाही. बहुतेक बाधित शेळ्यांना आयुष्यभर लक्षणं नसतात, त्यामुळे पॉझिटिव्ह शेळीचा खोकला फुफ्फुसातल्या जंतांचा किंवा पाश्चुरेला या जिवाणूचाही असू शकतो. पुढचे गुडघे सुजलेले, कास दगडासारखी कडक असेल तर शंका बळावते. खरा निकाल शवविच्छेदनात लागतो. छाती उघडल्यावर फुफ्फुस आकसत नाही, जड आणि घट्ट लागतं, करडा-गुलाबी रंग, कापल्यावर बारीक पांढुरके ठिपके.

औषध नाही, लसही नाही. विषाणू चिकातून-दुधातून करडाला जातो, म्हणून किटचा खरा उपयोग विण्याआधी. पॉझिटिव्ह आईचं करडू तिने चाटण्याआधीच उचलायचं आणि चीक ५६ अंशांवर तासभर तापवून पाजायचा. तापमापक लावूनच, कारण आच जरा वाढली की चिकाचा खरवस होतो. पुढचं दूधही पाश्चराइज केलेलंच. दहा-बारा शेळ्या असतील तर किट विकत घेऊ नका, प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. पन्नासच्या वर असतील आणि एलायझा रीडर (खळग्यातला रंग मोजणारं यंत्र) हाताशी असेल तर मात्र जरूर घ्या.